मनोऱ्याचा पोटहिस्सा

ज्या मनुष्याची उभी हयात हद्दी कायम करण्यात, पोटहिश्शांची फाळणी करण्यात आणि बांध कोरणाऱ्या भाऊबंदांच्या कैफियती ऐकण्यात खर्च झाली, त्याला इटलीतील बोलोन्या या शहराविषयी जी आपुलकी वाटते तिचे कारण तेथील चित्रे, देवळे अथवा १०८८ सालापासून चालत आलेले विश्वविद्यालय हे नसून, त्या शहराच्या व्यापारी मंडळाच्या दप्तरी दाखल असलेला एक दस्त हे आहे. १६ एप्रिल १९७२ रोजी इटालियन पाककला अकादमीच्या मंडळींनी तेथे रीतसर नमूद करून ठेवले की, तालियातेल्ले नावाची जी लांब, चपटी, अंडे घातलेल्या पिठाची फीत या गावात खाल्ली जाते, तिची रुंदी शिजल्यावर आठ मिलिमीटर असावी. आणि पुढेमागे कोणी मिलिमीटरविषयीच तंटा उपस्थित केला तर तोही मिटावा म्हणून, पक्की खूण धरून मोजणी द्यावी त्याप्रमाणे, ही रुंदी गावातील आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीच्या १२,२७० व्या हिश्श्याइतकी भरते असेही जाहीर केले. नमुना म्हणून सोन्याची एक फीत मंडळाच्या चौदाव्या शतकातील वाड्यात काचेच्या पेटीत ठेवलेली आहे. मनोऱ्याचा पोटहिस्सा पाडून तो ताटात वाढण्याची ही कल्पना ज्या समाजाला सुचते, त्या समाजात आपल्या खात्यातून निवृत्त झालेले पुष्कळ लोक असले पाहिजेत, असे माझ्या मनाने तत्काळ घेतले.

मनोऱ्याची उंची ९७.२ मीटर सांगतात. हॉटेलच्या खोलीत बसून मी भागाकार केला, तो ७.९२ आला; म्हणजे मूळ दस्तातच आठ शतांश मिलिमीटरची तूट. शिवाय सदरहू मनोरा किंचित कललेला असल्यामुळे उंची ओळंब्याने धरली की भिंतीच्या अंगाने, याचा खुलासा कोठेच नाही. हरकत घेण्याजोगे हे दोन्ही मुद्दे मी सौभाग्यवतींपुढे मांडले असता त्यांनी दिवा मालवला.

आम्ही त्या गावी गेलो तो आमच्या म्युनिकस्थित कन्येच्या तजविजीमुळे. निवृत्त आईबापांना युरोप दाखवायचा म्हणजे त्यांना कोठेही स्वस्थ बसू द्यायचे नाही, असा हल्लीच्या अपत्यांचा शिरस्ता आहे, आणि त्याला अनुसरून तिने भ्रमणध्वनीवर बोट दाबून आम्हां उभयतांचे नाव एका सायंवर्गात घालून टाकले होते. या वर्गात शुल्क भरणाऱ्यास स्वहस्ते पास्ता आणि स्वहस्ते कॉकटेल करण्यास शिकवितात व मग ते दोन्ही त्याचे त्यालाच खावे-प्यावे लागते. गुन्हेगाराकडूनच मुद्देमाल तयार करवून घेऊन तो त्यालाच गिळावयास लावण्याची ही पद्धत आपल्याकडील कोणत्याही कायद्यात मला आढळली नाही.

वर्ग भरला तो कमानींच्या रस्त्याला लागून असलेल्या एका स्वयंपाकघरात. आमच्याखेरीज एक नवपरिणीत अमेरिकन जोडपे आणि शेतीवाडी करणारे एक ऑस्ट्रेलियन गृहस्थ व त्यांची पत्नी एवढी मंडळी हजर होती. शिक्षिकाबाई साठीच्या घरातल्या, ठेंगण्या आणि मनगटाने बळकट होत्या. पिठाची पोळी हाताने लाटणाऱ्या अशा बायकांना त्या गावात स्फोल्यीना म्हणतात आणि त्यांचा मान मोठा असतो. त्यांनी सर्वांपुढे मैद्याचा एकेक ढीग ओतला, प्रत्येक ढिगाशेजारी अंडी मांडली, आणि सौभाग्यवतींचा चेहरा पाहून त्या जागच्या जागी थबकल्या.

“अहो, तिला सांगा, चातुर्मास आहे,” सौभाग्यवती म्हणाल्या.

सांगितले. अंड्यावाचून तालियातेल्ले करणे ही बोलोन्यात जवळजवळ दखलपात्र बाब आहे. तेव्हा बाई काही अडचण काढतील, निदान वरिष्ठांकडे विचारणा करतील, अशी माझी अटकळ होती. परंतु हे व्रत एकूण चार महिन्यांचे असते हे कळताच, ज्यांच्या धर्मात ईस्टरपूर्वीचा मोठा उपवास चाळीस दिवसांत आटोपतो त्या बाईंच्या मुद्रेवर असा काही आदर उमटला, की त्यांनी सौभाग्यवतींचे दोन्ही हात हातांत घेतले, फडताळातून रव्यासारख्या कणीदार पिवळसर पिठाचे पुडके काढले, आणि त्यात कोमट पाणी घालून घोषणा केली, की टेबलाचा एवढा कोपरा आजपुरता पुलिया समजावा. इटलीच्या टाचेकडील हा प्रांत. तेथे कठीण गव्हाचा रवा आणि पाणी एवढ्यावरच पास्ता करतात, अंड्याची अट नाही. (सुका पास्ता तर देशभर याच गव्हाचा असला पाहिजे, असा १९६७ साली कायदाच झाला. या देशाविषयीचा माझा आदर असा कलमाकलमाने वाढत होता.) माझ्यापुरते म्हणाल तर चातुर्मास मी म्युनिकच्या विमानतळावरच तहकूब केला होता.

शंभर ग्रॅम मैद्यास एक अंडे, हा तेथील सर्वसाधारण हिशेब. मैद्याच्या ढिगात मधोमध खळगा करावयाचा, त्यात अंडी फोडावयाची, आणि काट्याने ती फेटता फेटता आतल्या अंगाचा मैदा थोडाथोडा ओढून घ्यावयाचा. बाहेरचा बांध मात्र शेवटपर्यंत शाबूत राहिला पाहिजे. ऑस्ट्रेलियन गृहस्थांचा बांध पहिल्या दोन मिनिटांतच फुटला आणि अंड्यांचा लोंढा टेबलाच्या उतारावरून थेट अमेरिकन वधूच्या मैद्यात शिरला. नदीने पात्र बदलून एकाच्या शेतातला गाळ दुसऱ्याच्या शेतात नेऊन टाकला, तर मालकी कोणाची, हा महसुली कायद्यातील फार नाजूक प्रश्न आहे, आणि त्यावर चार शब्द सांगावे म्हणून मी घसा खाकरला. तोच बाईंनी उलथन्याने सगळे ओरपून जागच्या जागी लोटले आणि प्रकरण निकालात काढले.

आता माझी मुख्य अडचण सुरू झाली. ज्या गावाने फितीची रुंदी मनोऱ्याला बांधून ठेवली, त्या गावची ही स्त्री स्वतः काहीही मोजीत नव्हती. मैदा आणखी किती घालावा, असे विचारले तर “पीठ मागेल तितका”. किती वेळ मळावे, तर “पुरे होईपर्यंत”. आणि गोळा किती मऊ असावा, असे मी जरा निकराने विचारले तेव्हा त्यांनी मैद्याने माखलेल्या चिमटीत माझ्या कानाची पाळी धरून ती दोनदा दाबली आणि “इतका” असे फर्माविले. शाळा सुटल्यानंतर माझा कान शिक्षकवर्गाच्या हाती जाण्याचा हा पहिलाच प्रसंग. शेजारी सौभाग्यवतींना झालेल्या आनंदाचे वर्णन मी करीत नाही.

मळलेला गोळा अर्धा तास झाकून ठेवावा लागतो; त्यावाचून तो लाटताना आखडतो. नेमका हा अर्धा तास चालकांनी कॉकटेलकडे वर्ग केला होता. बाई बाहेर गेल्या आणि दाढी कोरलेला, बाह्या दुमडलेला एक तरुण आत आला. त्याने पांढऱ्या फडक्यावर बाटल्या ओळीने मांडल्या आणि डमरूच्या आकाराचे एक पोलादी मापटे खिशातून काढले. माप दृष्टीस पडताच माझा जीव भांड्यात पडला.

हा तरुण आपल्या विषयाचा पक्का होता. त्याने सांगितलेली हकिकत अशी : १९१९ च्या सुमारास फ्लॉरेन्स शहरात कामिल्लो नेग्रोनी नावाचे एक सरदार काझोनी यांच्या कॅफेत नेमाने येत, काम्पारी, गोड व्हर्मूथ आणि सोडा यांचे अमेरिकानो नावाचे पेय त्यांना मिळमिळीत वाटू लागल्यामुळे त्यांनी सोड्याच्या जागी जिन घालण्याचा हुकूम दिला, फोस्को स्कार्सेल्ली या पेयवाढप्याने तो बजावला आणि खूण म्हणून लिंबाऐवजी संत्र्याची चकती टाकली. जिन, काम्पारी व व्हर्मूथ प्रत्येकी तीस मिलिलिटर, हे या नेग्रोनीचे ठरलेले प्रमाण आहे. परमिट रूमच्या परिभाषेत सांगावयाचे तर एका पेल्यात तीन छोटे पेग. मुंबईच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्यावाचून प्राशन करणे आपल्याकडे आजही गुन्हा आहे, आणि तो परवाना घरी कपाटात राहिल्याचे स्मरून मी चपापलो. पण त्या देशात तो मागणारा कोणी नाही असे समजले.

तरुणाचे मोजणे पाहण्यासारखे होते. डोळ्यांच्या पातळीवर माप धरावयाचे, द्रव काठोकाठ येऊन किंचित फुगला म्हणजे थांबावयाचे, ओतल्यावर मापट्याच्या बुडाशी राहिलेला थेंबही झटकून पेल्यात टाकावयाचा. गावठाणाची मोजणी इतक्या निष्ठेने झाली असती तर निम्मी दिवाणी न्यायालये ओस पडली असती. माणसाला पोसणारे अन्न कानाच्या पाळीवर सोपवावे आणि ज्याने त्याचे भान सुटते ते पेय मात्र थेंबाथेंबाने मोजावे, ही त्या संस्कृतीतली विसंगती मी तरुणाच्या नजरेस आणून दिली. तो म्हणाला, “साहेब, पीठ चुकले तर माणूस सांगतो. हे चुकले तर सांगण्याच्या स्थितीत कोण असतो?” हे उत्तर मला मान्य करावे लागले. अर्थात चूक नेहमी अंगाशी येतेच असे नाही, हेही त्यानेच सांगितले. मिलानच्या बार बास्सोमध्ये कोणी जिनऐवजी फसफसणारी वाइन ओतून बसला, आणि त्या चुकलेल्या नेग्रोनीचा पुढे जगभर बोलबाला झाला. साल कोणते, तर १९७२. एका गावाने अचूकपणाची दप्तरी नोंद केली त्याच वर्षी शेजारच्या प्रांताने चुकीला नाव दिले, यावरून इटलीचा राज्यकारभार कसा चालत असावा याची कल्पना येते.

सौभाग्यवती पीत नाहीत. तथापि वास घेण्यास व्रताची आडकाठी नसल्यामुळे त्यांनी काम्पारीची उघडी बाटली नाकाशी नेली, क्षणभर डोळे मिटले, आणि “हा तर काडेकिराईताचा काढा” असे निदान केले. चवीने मी त्यास दुजोरा देतो. लहानपणी ज्या कडूपणापायी आम्हां भावंडांना धरून, नाक दाबून पाजावे लागे, त्याच कडूपणासाठी प्रौढ माणसे हौसेने पैसे मोजताना पाहून त्यांना जे वाटले ते त्यांनी मराठीत सांगितले, म्हणून निभावले. या पेयाचा लालभडक रंग एके काळी किड्यांपासून काढीत, ही माहितीही त्या तरुणाने उत्साहाच्या भरात दिली. ती मी त्यांच्यासाठी भाषांतरित केली नाही.

अर्धा तास संपला, गोळे उघडले, आणि तीन छोट्या पेगांच्या अमलाखालील वर्गाच्या हाती गजभर लांबीची लाटणी व धारदार सुऱ्या देण्यात आल्या. तेथील पोळी पोळपाटाएवढी नव्हे तर टेबलभर लाटतात. लाटण्यावर गुंडाळून तळव्यांनी बाहेरच्या बाजूस ताणीत न्यायची, उलगडायची, पाव फिरवायची आणि पुन्हा गुंडाळायची, असे करीत ती इतकी पातळ झाली पाहिजे, की आडवी धरली असता तिच्यातून गावाबाहेरच्या टेकडीवरील सान लुकाचे देऊळ दिसावे, अशी बोलोन्याची जुनी कसोटी आहे. ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी धरलेल्या पोळीतून त्यांचा संपूर्ण चेहरा दिसला. भोक तेवढे मोठे होते. अमेरिकन वराच्या पोळीतून काहीच दिसेना, तरी त्याने आपल्याला देऊळ दोनदा दिसल्याचे सांगितले.

पोळी जराशी वाळू देऊन, सैलसर गुंडाळून, मग सुरीने कापतात. बाई कापता कापता गोष्ट सांगू लागल्या, की १४८७ साली लुक्रेत्सिया देस्ते या राजकन्येच्या विवाहप्रसंगी तिचे सोनेरी केस पाहून एका आचाऱ्याला या फितीची स्फूर्ती झाली. वस्तुस्थिती अशी, की लग्न खरे आहे, पण आचारी १९३१ साली आउगुस्तो मायानी नावाच्या एका विनोदी चित्रकार-लेखकाने थट्टेने निर्माण केलेला आहे. विनोदी लेखकाच्या थापेला इतिहासाचा दर्जा मिळण्याचे भाग्य आपल्याकडे अजून कोणास लाभल्याचे ऐकिवात नाही, म्हणून व्यवसायबंधूच्या यशाबद्दल संतोष मानून मी गप्प राहिलो.

बाईंची नजर बोलताना आमच्याकडे होती. सुरी आपली चाललीच होती. मला राहवेना. सहा इंची पोलादी पट्टी मी निवृत्तीनंतरही खिशात बाळगतो. ती काढून मी बाईंच्या ढिगातली एक फीत मोजली, दुसरी मोजली, तिसरी मोजली. सगळ्या सात मिलिमीटर. फरक दिसला तो रेघेच्या जाडीइतका. नवपरिणीत जोडप्याच्या फिती पाचपासून पंधरापर्यंत होत्या, आणि ऑस्ट्रेलियन गृहस्थांचे क्षेत्र चौरस असल्याने त्यास रुंदी कोणती म्हणावी हे ठरविता येईना. बाईंच्या मालात मात्र दस्तापेक्षा सरसकट एक मिलिमीटर कमी! मी पट्टी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती दूर सारली, मूठभर फिती उकळत्या पाण्यात सोडल्या, दोनएक मिनिटांनी एक फीत काट्याने उचलून माझ्या पट्टीवरच आडवी घातली आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

आठ. पाण्यात ती फुगते, आणि दस्तात ‘शिजल्यावर’ हा शब्द आहे.

सौभाग्यवतींच्या कोपऱ्यात, म्हणजे पुलियात, या अवधीत रव्याच्या गोळ्यांच्या कानाच्या आकाराच्या लहान लहान वाट्या तयार होऊन एकसारख्या रांगांत वाळत होत्या. बोथट सुरीने गोळी ओढायची आणि अंगठ्यावर उलटायची, एवढे बाईंनी त्यांना एकदा दाखविले होते. नुसत्या टोमॅटोच्या रश्शात शिजवून त्या पानावर आल्या तेव्हा सगळ्या वर्गाने त्याच मागून घेतल्या, बाईंनीही.

ज्या वाचकांची मुले त्यांना असल्या वर्गात घालण्याच्या बेतात असतील, त्यांना माझी एवढीच विनंती आहे, की पैसे भरण्यापूर्वी वेळापत्रक मागवून पाहावे आणि त्यात नेग्रोनी सुरीच्या आधी घातलेला असेल तर क्रम बदलून मिळण्याविषयी लेखी अर्ज द्यावा. पट्टी आपापली न्यावी. ती तेथे मिळत नाही.