ठिपक्यांची श्रीमंती

फोर-के मॉनिटरच्या पडद्यावर ८२,९४,४०० ठिपके असतात. आडवे ३,८४०, उभे २,१६०. गुणाकार ज्याचा त्याने करून पाहावा. कांद्याची गोणीसुद्धा काट्यावर चढवल्याशिवाय न घेणारा आमचा वणीकर हे ठिपके मात्र न मोजता घेतो. विक्रेत्याचा शब्द आणि खोक्यावरची छपाई, एवढ्या दोन साक्षींवर व्यवहार पुरा होतो.

गावातल्या एका डीटीपीच्या दुकानात असा सत्तावीस इंची मॉनिटर आला आहे. मी तिथे प्रुफं वाचायला बसतो. मराठीच्या निवृत्त मास्तराला एवढं व्यसन माफ असावं. मालक मला ‘सर’ म्हणतो, चहा पाजतो आणि माझ्या निम्म्या दुरुस्त्या स्वीकारतो. उरलेल्या निम्म्यांवर त्याचं एकच उत्तर असतं, “सर, पार्टीला असंच पाहिजे.” त्यापुढे व्याकरण चालत नाही. मॉनिटर वीस-बावीस हजारांत पडला, हे तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो आणि येणारा प्रत्येकजण पडद्याला नाक लावून “क्लिअर आहे” असा निकाल देतो.

क्लिअर आहे, यात वाद नाही. २००१ साली आयबीएमने टी-२२० नावाचा मॉनिटर काढला होता. जेमतेम बावीस इंची पडदा, त्यावर ९२ लाख ठिपके आणि किंमत सुमारे २२,००० डॉलर; त्या वेळच्या भावाने दहा लाख रुपये. क्ष-किरणांची चित्रं तपासणारे डॉक्टर आणि बारीक नकाशे न्याहाळणारे शास्त्रज्ञ, असं त्याचं गिऱ्हाईक होतं. एवढी सूक्ष्मता खरी लागते ती लग्नपत्रिकेतल्या नातेवाइकांच्या यादीला, हे आयबीएमच्या ध्यानात आलं नसावं.

पुढे २०१२च्या सुमारास कोरियातून यामाकासी, क्रॉसओव्हर अशा कधी न ऐकलेल्या नावांचे सत्तावीस इंची मॉनिटर जगभर जाऊ लागले. पॅनेल बड्या कारखान्याचंच, पण पहिल्या प्रतवारीतून बाजूला काढलेलं. ही गोष्ट आमच्या भागात फोड करून सांगावी लागत नाही. निर्यातीच्या पेटीत न बसलेला द्राक्षाचा घड बाजारात येतो तेव्हा तो आंबट झालेला नसतो. एखादा मणी बारीक असतो, एखाद्यावर डाग असतो. कोरियन मॉनिटरचंही तसंच होतं. त्यांतल्या पुष्कळांना आवाज नव्हता, पडद्यावर उमटणारा मेनू नव्हता, केबल जोडायला एकच जागा होती. चित्र मात्र महागड्याच्या तोडीचं. स्वस्त सूक्ष्म पडद्याचं शास्त्र तिथेच पक्कं झालं: जे खोक्यावर ठळक छापता येतं तिथे हात आखडायचा नाही, काटकसर करायची ती छापावं न लागणाऱ्या गोष्टीत.

आता आमचा मॉनिटर पाहा. ३,८४० गुणिले २,१६० हे छापता येतं, म्हणून ते पुरेपूर आहे. स्टँड वर-खाली होत नाही, हे कोण छापणार? तो फक्त मागे-पुढे कलतो. म्हणून मॉनिटर सध्या ए-फोर कागदाच्या दोन रिमांवर विराजमान आहे. परीक्षेच्या फॉर्मांचे दिवस आले की कागद खपतो, रीम उपसली जाते आणि दुकानदाराची मान खाली जाते. जुना संगणक एचडीएमआय १.४चा असल्यामुळे फोर-के चित्र सेकंदाला तीसदाच येतं. साठदा हवं तर २.० लागतं. त्यामुळे माउस हलवला की बाण थोडा विचार करून निघतो. शिवाय पत्रिका मांडायच्या कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती या पडद्यावर इतकी बारीक दिसते की त्यातली बटणं चष्मा पुसून शोधावी लागतात. मग सगळं दीडशे टक्के मोठं करायचं. ठिपके चौपट घेतले आणि मावायला लागलं दुपटीहून कमी, असा हिशेब होतो. पण उरलेले ठिपके वाया जात नाहीत. ते अक्षराच्या कडा घासूनपुसून लख्ख करण्याच्या कामी लागतात, आणि देवनागरीला नेमकी त्याचीच गरज असते.

बारा पॉइंटचं अक्षर म्हणजे इंचाचा सहावा भाग. जुन्या सत्तावीस इंची फुल एचडी पडद्यावर त्याच्या वाट्याला उंचीचे चौदा-एक ठिपके येत. इंग्रजीचा संसार तेवढ्यात भागतो. आपल्याकडे वर रफार, त्यावर अनुस्वार, मग शिरोरेषा, मधे जोडाक्षर, खाली उकार. चौदा ठिपक्यांत इतक्या जणांनी राहायचं म्हणजे कुणीतरी कुणाच्या तरी पायावर उभं राहणारच. र. कृ. जोशींसारख्या जाणत्या अक्षरकाराने घडवलेला ‘मंगल’ हा फाँट विंडोज २०००बरोबर घरोघर पोचला, पण तेव्हाच्या पडद्यांनी त्याला नीट उभं राहायला जागा दिली नाही. फोर-केवर त्याच अक्षराला सत्तावीस ठिपके मिळतात. सप्तशृंगीमधला ‘शृ’ आणि पाट्यांवर हमखास दिसणारा चुकीचा ‘श्रृ’ यांतला फरक आता खुर्चीत मागे टेकूनही कळतो. मालकाच्या मते यामुळे माझा त्रास वाढला आहे. आधी चुका होत्या, पण दिसत नव्हत्या.

मेलेला ठिपका हा निराळा प्रकार. संगणकाच्या पडद्यांसाठी आयएसओ १३४०६-२ नावाचं एक मानक २००१ साली आलं. त्यातला दुसरा वर्ग दर दहा लाख ठिपक्यांमागे दोन कायम पेटलेले आणि दोन कायम विझलेले चालवून घेई. आता त्याची जागा दुसऱ्या मानकाने घेतली आहे. पण त्या जुन्या हिशेबाने आमच्या पडद्यावर सोळा पेटलेले नि सोळा विझलेले ठिपके विनातक्रार खपले असते. प्रत्यक्षात एकच विझलेला आहे. तोही नेमका अशा ठिकाणी की बारीक अक्षरांच्या ओळीत अनुस्वार होऊन बसतो. म्हणून प्रूफ वाचताना आम्ही पान जरा सरकवून पाहतो. अनुस्वार पानाबरोबर सरकला तर लेखकाचा, जागेवर राहिला तर कंपनीचा.

हे सगळं एकवेळ चालतं. खरी पंचाईत रंगाची, आणि ती समजायला वणीजवळच्या सप्तशृंगी गडावर जावं लागतं.

सप्तशृंगीची अठरा हातांची मूर्ती पिढ्यान्‌पिढ्या शेंदराच्या थराखाली होती. २०२२च्या पावसाळ्यात मंदिर दर्शनाला बंद ठेवून तो थर शास्त्रीय पद्धतीने उतरवला गेला. हजार किलोहून अधिक शेंदूर निघाला. २६ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, दर्शन खुलं झालं आणि आम्ही लहानपणापासून पाहत आलेलो तीच देवी आम्हाला नव्याने, बारकाव्यांसह दिसली. तेव्हापासून लग्नपत्रिकेवर देवीचा कुठला फोटो टाकायचा, हा घरोघरचा प्रश्न झाला. नवरदेवाला नवा हवा असतो, आजीला जुना. आजीचं म्हणणं असं की, आपण नवस बोललो तो शेंदरातल्या देवीला.

आमचा मॉनिटर या वादात नवरदेवाच्या बाजूचा आहे. नव्या फोटोतली रेष न्‌ रेष तो उलगडून दाखवतो. जुन्या फोटोत मुख्य काय, तर शेंदूर, आणि तिथे हा पडदा गडबडतो. खोक्यावर ‘९९ टक्के एसआरजीबी’ असं छापलंय, ते खोटं नसेल. पण एवढे रंग दाखवायची ऐपत असणं वेगळं आणि हवा तोच रंग दाखवणं वेगळं. ते जुळवून घ्यायचं यंत्र मिळतं. पण त्यावर खर्च करायचा तर स्वस्त मॉनिटर घेतला कशाला? पडद्याच्या मध्यावरचा शेंदरी कोपऱ्यात नेला की विटकरीकडे झुकतो, कारण मागचा उजेड सगळीकडे सारखा नाही. त्यात पडदा रंगवतो तो लाल, हिरव्या, निळ्या उजेडाने आणि छापखाना रंगवतो तो शाईने. तेव्हा छापून आलेला शेंदरी तिसराच निघतो. खोक्यावर ‘एचडीआर’, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारा, अशी एक चिकटपट्टीही आहे. या बाबतीत व्हेसा संस्थेने २०१७च्या डिसेंबरात ठरवलेली सर्वांत खालची पायरी ४०० निट उजेडाची. आमचा मॉनिटर तीनशेपर्यंत जातो. चिकटपट्टी मात्र फार चमकते.

आजीला हे काहीच सांगावं लागत नाही. ती पडद्याकडे बघून म्हणते, “हा शेंदूर नाही.” तिच्या नजरेला ना प्रमाणपत्र आहे, ना चिकटपट्टी; पण आयुष्यभर एकच रंग डोळे भरून पाहिलेल्या माणसाला फसवता येत नाही. जास्त दिसणं आणि खरं दिसणं यांत जे अंतर आहे, ते मला या बाईंनी शिकवलं, कुठल्याही माहितीपत्रकाने नव्हे. स्वस्त पडदा पहिलं देतो आणि दुसऱ्याबद्दल गप्प राहतो. त्याचा राग धरण्यात अर्थ नाही. त्या किमतीत जास्त दिसणं मिळतंय, हेच नवल आहे.

आणि एवढं करून पत्रिकेला मंजुरी मिळते ती कुठे? व्हॉट्सॲपवर. ८२ लाख ठिपक्यांवर घासूनपुसून ठेवलेली पत्रिका आवळून-चेचून पार्टीच्या फोनवर जाते. पार्टी द्राक्षबागेत, फोनची काच तडकलेली, वर भर दुपारचं ऊन. दोन मिनिटांत उलटा फोन येतो, “भाऊ, धाकट्या मामाचं नाव मोठ्या मामाच्या वर कसं काय गेलं?” हे मला दिसलं नव्हतं, मालकाला दिसलं नव्हतं, मॉनिटरच्या तर गावीही नव्हतं.

म्हणून स्वस्तातला फोर-के घेऊ का असं कुणी विचारलं, तर मी सांगतो: अक्षरांसाठी खुशाल घ्या, डोळे दुवा देतील. रंगासाठी छापील नमुना आणि घरातली एखादी आजी शेजारी बसवा. मामांचा क्रम तेवढा आधी फोन करून विचारून घ्या.