मुंगळ्यांचा पाहुणचार

गुळाने मरतो त्याला विष कशाला, असं आपली म्हण विचारते. ती रचणाऱ्याच्या घरात मुंगळे नसावेत. मुंगळा नुसत्या गुळाने मरत नाही, भावकी घेऊन येतो. आणि नुसत्या विषाने चार मेले, तरी खानदान शाबूत राहतं. त्याला गूळ आणि विष एकाच ताटात वाढावं लागतं. या ताटाला आमिष म्हणतात, आणि फवाऱ्यापेक्षा ते शहाणपणाचं आहे, एवढंच माझं म्हणणं.

आपला काळा डोंगळा आणि अमेरिकेतली 'कार्पेंटर अँट' ही दोघं कॅम्पोनोटस या एकाच गोत्रातली. आपला बहुधा झाडाच्या बुडाशी मातीत बिऱ्हाड करतो. अमेरिकी चुलतभाऊ ओलसर लाकडात दालनं कोरतो. तिकडे घरंच लाकडाची, त्यामुळे न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबालाही हा पोटभाडेकरू मिळू शकतो. वाळवीसारखा तो लाकूड खात नाही. भुसा बाहेर लोटतो, आणि त्या ढिगात किड्यांचे पाय-पंखही सापडतात: सुतारकाम आणि खरकटं, एकाच केरात.

फवारा मारला की समोरचे पाच-पन्नास आडवे होतात आणि मारणाऱ्याला पानिपत जिंकल्यासारखं वाटतं. पण बाहेर दिसतात ते बाजारहाटाला निघालेले कामकरी. राणी आणि अळ्या आत असतात. पुष्कळदा घरातलं वारूळ ही नुसती शाखा, आणि राणीचं मुख्य कार्यालय अंगणातल्या कुजक्या ओंडक्यात. तिथवर आपला हात पोचत नाही, कामकऱ्याचं तोंड पोचतं. त्याच्या पोटात एक कप्पा सार्वजनिक असतो. घरी परतल्यावर मिशांना मिशा भिडतात, आणि त्या कप्प्यातला थेंब तो दुसऱ्याच्या तोंडात घालतो. असं करत करत घास राणीपर्यंत जातो. म्हणून विष मंद हवं. साखरपाण्यात बोरिक ॲसिड साधारण १ टक्का पुरतं. उत्साहाने मूठभर ओतलं, तर पाहुणा उंबऱ्यातच कोसळतो आणि डबा घरी पोचत नाही.

कोणी म्हणेल, जेवायला बोलावून मारणं हा विश्वासघात. खरं आहे, पण फवारणाराही काही धर्मयुद्ध करत नसतो, आणि तो विष घरभर उडवतो. आमिषाचे थेंब झाकणबंद डबीत राहतात. फक्त ती डबी मुलांच्या आणि मांजराच्या हाती लागता कामा नये. दुसरा आक्षेप, 'ठेवलं होतं, उपयोग झाला नाही.' बहुधा शेजारीच फवारा मारलेला असतो, किंवा ओट्यावर जिलबीचा पाक सांडलेला. पंगतीत पाक असताना आमटीला कोण विचारतो? शिवाय त्यांची रुची पालटते: कधी गोड हवं, कधी प्रथिनं. गोड नाकारलं तर ताट बदलावं. आपण जावयासाठी बदलतोच की. तिसरा आक्षेप वेळेचा. आमिषाला दिवस, कधी आठवडे लागतात, आणि मधल्या काळात डबीपाशी रांग वाढलेली दिसते. ती पाहून फवाऱ्याकडे धावणं म्हणजे वऱ्हाड पानावर बसल्यावर मांडवाला आग लावणं.

तरी आमिष म्हणजे अर्धंच काम. राणी मेली, तरी ओलं लाकूड दुसऱ्या राणीची वाट पाहत राहतं. तेव्हा डबी ठेवा, धीर धरा, आणि आधी छपराची गळती काढा.