जादा बाथरूम काढावी की नाही : पुनर्विकासात निघालेल्या कुटुंबांसाठी मार्गदर्शन

सोसायटीचा पुनर्विकास ठरला, बिल्डरने जादा एरिया कबूल केला आणि आर्किटेक्टने प्लॅनचा कागद टेबलावर पसरला, की घरात पहिला प्रश्न निघतो तो बाथरूमचा. देवघर कुठे आणि फ्रिज कुठे हे वाद नंतरचे. अशा वेळी कुटुंबप्रमुखाने शांत राहावे, कोणालाही शब्द देऊ नये आणि प्रस्तुत मार्गदर्शन दोनदा वाचावे. जादा बाथरूमची मागणी करणारे खोटे बोलत नसतात. त्यांना सकाळी खरोखरच ताटकळावे लागते. मात्र रोग ओळखण्यात त्यांची गफलत होते. घरात तुटवडा असतो तो कड्यांचा. संडास, आंघोळ आणि दात घासणे ही तीन कामे एकाच दाराआड कोंडली, की त्यांतले कोणतेही एक करणारा माणूस उरलेली दोन अडवून बसतो. त्यावर उपाय म्हणून आपण तशीच कोंडलेली दुसरी खोली मागतो आणि तिचे पैसे मोजतो.

पहिले काम मोजणीचे. पाच माणसांचे घर धरू आणि सकाळी साडेसहा ते आठ हा दीड तास धरू, कारण भांडणे याच वेळात होतात. संडासाला ८ मिनिटे, दात-दाढी-तोंड यांना ५ आणि आंघोळीला १२, म्हणजे माणशी २५ मिनिटे. (कॉलेजात जाणारा मुलगा घरात असल्यास हिशेब त्याला वगळून करावा आणि शेवटी त्याची वेगळी बेरीज मांडावी.) तिन्ही सोयी एकाच खोलीत असतील तर पाच माणसांना १२५ मिनिटे लागतात आणि हाताशी असतात ९०. ही ३५ मिनिटांची तूट बहुतेक घरांत कोणाच्या लक्षात येत नाही, कारण घरातली बाई साडेपाचलाच उठून आपले सगळे उरकते आणि त्या तुटीतला मोठा भाग परस्पर भागवते. आता तशाच दोन खोल्या करा. १२५ चे दोन भाग होऊन प्रत्येक खोलीला साडेबासष्ट मिनिटे येतात आणि प्रश्न सुटतो. पण दुसरी खोली न काढता पहिलीचेच तुकडे केले तर? संडासाला वेगळे दार, न्हाणीला वेगळे दार आणि बेसिन बाहेर पॅसेजमध्ये. मग सर्वांत जास्त गर्दी होते ती न्हाणीवर, आणि तिथे पाच जणांची ६० मिनिटे होतात. एका भिंतीने आणि एका दाराने जवळजवळ तेच काम केले, जे करायला दुसऱ्या बाजूला कमोड, गिझर, टाइल्स आणि नळ यांचा सगळा सेट पुन्हा विकत घ्यावा लागला असता.

यावर इंजिनिअर जावई म्हणेल की माणसे अशी एकामागोमाग शिस्तीत येत नाहीत. बरोबर आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ पासून हाच प्रश्न टेलिफोनच्या लायनींबाबत सोडवला. फोन करणारेही मनाला येईल तेव्हा फोन करतात आणि वाटेल तितका वेळ बोलतात. त्या गणिताचे सार असे की सोय पूर्ण भरत आली की वाट पाहण्याचा वेळ गर्दीच्या प्रमाणात वाढत नाही, तो एकदम उसळतो. म्हणून ९० मिनिटांतली ६० वापरणारी न्हाणी चालते आणि ८५ वापरणारी खोली घर मोडते. दोन अखंड बाथरूमना इथे थोडी सरशी आहे, कारण एक अडली तर दुसरी असते. हे मान्य करून पुढे जाऊ. त्याची भरपाई खाली येणारच आहे.

आता जागा. राष्ट्रीय इमारत संहिता किमान मापे सांगते: नुसत्या न्हाणीला १.८ चौरस मीटर, नुसत्या संडासाला १.१ आणि दोन्ही एकत्र असतील तर २.८. बेरीज करून पाहावी. वेगळे केल्यास २.९ आणि एकत्र केल्यास २.८. म्हणजे दोन्ही एकत्र आणून जो फायदा होतो तो ०.१ चौरस मीटरचा, साधारण एक चौरस फुटाचा. पाट मांडायलासुद्धा ही जागा पुरत नाही. एवढ्याशा बचतीसाठी आपण सकाळची व्यवस्था मोडली आणि मग ती सावरायला आणखी २.८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे तीस चौरस फूट मागितले. समजा, तुमच्या भागात कार्पेटचा दर चौरस फुटाला १०,००० रुपये आहे. तर टाइल बसण्याआधीच त्या तीस फुटांचे तीन लाख झाले. मुंबईचा दर लावायचा असेल तर तो बसून लावावा.

हे एकत्रीकरण आपल्याकडे आपोआप आलेले नाही. एका पिढीमागच्या सोसायट्यांत संडास वेगळा, बाथरूम वेगळी आणि बेसिन बाहेर, ही सर्रास पद्धत होती. वेगळेपणाचा हा वारसा काही निर्मळ नाही, हेही इथे सांगितले पाहिजे. वाड्यांमध्ये संडास परसात टाकला जाई तो सोवळ्याच्या कल्पनेपायी, आणि मैला उचलणाऱ्याने घरात न शिरता मागल्या बोळातून यावे म्हणून. ती प्रथा कायद्याने बंद करायला १९९३ साल उजाडले आणि २०१३ मध्ये पुन्हा नवा कायदा करावा लागला. पण कारण वाईट होते म्हणून मांडणी चुकीची ठरत नाही. मांडणी बदलली ती हॉटेलच्या खोलीकडे पाहून. हॉटेलात खोलीत एक-दोन माणसे असतात आणि त्यांना आठची लोकल पकडायची नसते. तिथून ‘अटॅच्ड’ आले, बिल्डरच्या ब्रोशरमध्ये ‘२ बीएचके, २ टॉयलेट’ असा आकडा आला, आणि माणसे घर पाहायला गेली की खिडक्यांआधी दारे मोजू लागली.

अटॅच्ड बाथरूमबद्दल विशेष सावधगिरी बाळगावी, कारण ती कागदावर घराची असते आणि व्यवहारात एका खोलीची. आत माणसे झोपली असतील तर ती रिकामी असूनही बंद. सासऱ्यांना सुनेच्या खोलीतून जाववत नाही आणि सुनेला ते यावेत असे वाटत नाही, दोघांचेही बरोबर. म्हणजे मघाच्या हिशेबात जी साडेबासष्ट मिनिटे दुसऱ्या खोलीवर टाकली होती, ती तिथे पोचतच नाहीत. यावर काही आर्किटेक्ट दोन दारांची बाथरूम सुचवतात: एक दार बेडरूममध्ये, एक पॅसेजमध्ये. ही सूचना नम्रपणे नाकारावी. आत जाणाऱ्याला दोन कड्या लावाव्या लागतात आणि बाहेर पडताना दोन काढाव्या लागतात. माणूस एकाच दाराने बाहेर पडतो आणि दुसऱ्याची कडी आतून तशीच राहते. घरात कोणीही नसलेली आणि तरीही बंद असलेली जागा तयार करण्याची इतकी सोपी युक्ती दुसरी नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप वयस्कांचा आणि तो भक्कम आहे. गुडघे दुखणाऱ्या आजीला, मधुमेही आजोबांना, किंवा पोट बिघडलेल्या कोणालाही ‘थांबा, आत कोणीतरी आहे’ हे उत्तर चालत नाही. एर्लांगला दिलेली सवलत इथे फेडायची आहे. जादा काही हवेच असेल तर जादा संडास काढावा. नुसता संडास, १.१ चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे बारा चौरस फुटांचा. म्हाताऱ्या माणसांसाठी तो थोडा रुंद करून भिंतीला धरायला दांडी लावावी. तातडी असते ती याच एका कामाची. आंघोळीची तातडी अजून कोणाला लागलेली नाही. एक न्हाणी आणि दोन संडास मिळून ४ चौरस मीटर होतात. दोन अखंड बाथरूमना ५.६ लागतात. वाचलेल्या सतरा फुटांत वॉशिंग मशीन बसते आणि पावसाळ्यात कपडे वाळत घालायला दोन दोऱ्याही बांधता येतात.

दुसरा आक्षेप फेरविक्रीचा: एकच बाथरूम असलेले घर घेणार कोण? यासाठी जपानकडे पाहावे. तिथल्या कुटुंबांच्या घरांत संडास वेगळा, आंघोळीची खोली वेगळी आणि तोंड धुण्याची जागा तिसरी, अशी रचना नेहमीची आहे. ‘आंघोळ आणि संडास वेगळे’ ही गोष्ट तिथल्या भाड्याच्या जाहिरातींत सोय म्हणून छापली जाते, आणि एकत्र असलेली छोटी घरे त्यामानाने कमी पसंत पडतात. आपला दलाल यावर विश्वास ठेवणार नाही. त्याला ‘दोन टॉयलेट’ एवढेच सांगावे. ते खरेही आहे.

तिसरा आक्षेप पाहुण्यांचा. पाहुण्यांसाठी बांधलेल्या बाथरूमचे पुढे काय होते हे घरोघरी पाहावे: बादल्या, जुन्या पायपुसण्या, गणपतीच्या मखराचे थर्माकोल. शिवाय न वापरलेली बाथरूम सूड घेते. नहाणी ट्रॅपमध्ये जे दोन इंच पाणी असते, तेच ड्रेनेजचा वास अडवून धरते. महिना-दोन महिने कोणी तांब्याभर पाणी ओतले नाही तर ते उडून जाते आणि वास व झुरळे यांना रस्ता मोकळा होतो. मात्र पाहुण्यांचे कौतुक करताना एक प्रश्न स्वतःला विचारावा. ज्या मावशी रोज येऊन घरातली बाथरूम घासतात, त्यांना ती वापरू दिली जाते का? बऱ्याच घरांत नाही. मग वर्षातून चार दिवस येणाऱ्या पाहुण्यापेक्षा रोज चार घरे करून येणाऱ्या बाईसाठी तो बारा फुटांचा संडास खुला ठेवणे हा जादा खर्चाचा अधिक पटणारा हिशेब आहे.

वास्तुशास्त्रज्ञ ईशान्य कोपरा वर्ज्य सांगतील. त्यांच्याशी वाद घालू नये, कारण जागा तसेही ते ठरवत नाहीत, पाइपांचा डक्ट ठरवतो. मैलापाण्याच्या पाइपला उतार लागतो. डक्टपासून जितके लांब जावे तितका स्लॅब खोल टाकावा लागतो आणि तितके वॉटरप्रूफिंग वाढते. त्यातूनही गळले तर ते खालच्या मजल्यावरच्यांच्या स्वयंपाकघरात गळते आणि पुढची दहा वर्षे सोसायटीच्या प्रत्येक सभेत निघते. संडास-न्हाणी डक्टला चिकटूनच ठेवावीत.

शेवटी मोबाईल. वर धरलेली ८ मिनिटे मोबाईल आत जात नसतानाची आहेत. बाहेर रांग नसेल तर आतल्या माणसाचा मुक्काम वाढतो, म्हणून तीन बाथरूमच्या घरातही सकाळी दार वाजवावे लागते. याला बांधकामात एकच उपाय आहे आणि तो फुकट आहे. दिव्याचे बटण दाराच्या बाहेर ठेवावे, जुन्या घरांत असते तसे. नव्या पद्धतीचा इलेक्ट्रिशियन ते आत घ्यायला सांगेल आणि आत असलेले कसे सोयीचे पडते हे समजावील. त्याचे सगळे ऐकून घ्यावे, चहा द्यावा आणि बटण बाहेरच काढायला लावावे.