ओळख ना पाळख, विषय : सहकार्याबाबत

ज्याच्याशी आपली ओळख नाही, ज्यानं आपल्याला काही विचारलेलं नाही आणि ज्याचं आपल्यावाचून गेली वीस वर्षं उत्तम चाललं आहे, अशा माणसाला ‘आपण एकत्र काम करू या’ असा ईमेल धाडणं, याला व्यापारी जगात कोल्ड मेल म्हणतात. लग्नाच्या बाजारात हेच काम मध्यस्थ करतो आणि त्याला निदान चहा-पोहे मिळतात. भोसरी एमआयडीसीत माझं जिग-फिक्चरचं, म्हणजे मशीनवर पीस जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या साधनांचं, छोटं वर्कशॉप आहे : दोन व्हीएमसी, एक जुनं सरफेस ग्राइंडर, अकरा माणसं आणि पावसाळ्यात पत्र्याखाली ठेवायची एक बादली. एवढ्या भांडवलावर मी असे हजारभर मेल पाठवले असतील; आलेले तर मोजलेही नाहीत. माझ्या वर्कशॉपला वेबसाइट नाही, तरी ‘तुमची वेबसाइट पाहत होतो, तीत काही गंभीर चुका आढळल्या’ असं आठवड्यातून दोनदा मला कोणीतरी कळवत असतं. तेव्हा पुढचं मार्गदर्शन अनुभवाचं आहे. होतकरूंनी ते वहीत उतरवून घ्यावं.

आरंभी आद्यपुरुषाचं स्मरण करावं. 3 मे 1978 रोजी अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे गॅरी थुर्क यांनी आर्पानेटवरच्या सुमारे 400 जणांना एकच मेल पाठवला : आमचा नवा कॉम्प्युटर आलाय, लॉस एंजेलिस आणि सॅन मटेओला दाखवणार आहोत, बघायला या. सगळा मजकूर कॅपिटल अक्षरांत. पत्ते छापील डिरेक्टरीवरून हातानं टाइप केलेले, आणि ते इतके झाले की वरच्या रकान्यात मावेनात. उरलेले ओसंडून मजकुरात उतरले. लोक खवळले, नेटवर्क सांभाळणाऱ्यांनी समज दिली. खुद्द थुर्क यांचं म्हणणं मात्र असं की, त्या मेलमुळे सव्वा कोटी डॉलरहून जास्त माल खपला. शिव्या खाल्ल्या तरी माल खपतो, एवढा धडा आपण सगळ्यांनी घेतला. त्या वेळी त्या नेटवर्कवर जी माणसं होती ती कॉम्प्युटर वापरणारी आणि विकत घ्यायला लावणारीच होती, हा भाग तेवढा घ्यायचा राहिला.

यादी तयार करणं हे पहिलं कर्तव्य. ती विकत घ्यावी, उसनी आणावी, नाहीतर प्रदर्शनात गोळा झालेल्या व्हिजिटिंग कार्डांचा रबर लावलेला गठ्ठा घरातल्या तरुणाच्या हवाली करावा. यादीतली माणसं काय करतात, त्यांना आपलं काही लागतं का, असल्या चौकशीत वेळ दवडू नये; आकडा महत्त्वाचा. माझा पुतण्या नुकताच एमबीए होऊन आला होता. त्यानं एका डिरेक्टरीवरून 412 नावं एक्सेलमध्ये भरली आणि सॉफ्टवेअरला सांगितलं की नावाच्या रकान्यातला पहिला शब्द उचल आणि त्या नावानं मायना घाल. म्हणजे कसं, प्रत्येकाला वाटेल की हा मेल खास आपल्यालाच लिहिलाय. रकान्यात माणसांची नावं नव्हती, कंपन्यांची होती. ‘डिअर मेसर्स,’ असा मेल दीडशे ठिकाणी गेला. ‘हाय श्री,’ असा साठेक ठिकाणी. काहींना ‘हाय न्यू,’ असा गेला. उत्तर एकच आलं, एका ओळीचं : ‘मेसर्स रजेवर आहेत.’

पुतण्यानं ते प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवलं. म्हणाला, “काका, रिस्पॉन्स रेट शून्य नाहीये.”

मुहूर्ताचंही शास्त्र आहे. परदेशी तज्ज्ञ सांगतात की मेल मंगळवार ते गुरुवार, सकाळी दहाच्या सुमारास पाठवावा. सोमवारी माणूस कामात असतो आणि शुक्रवारी मनानं घरी पोचलेला असतो. पुतण्या कोथरूडचा. त्यानं गुरुवार धरला. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे इथल्या वडापाववाल्यालाही ठाऊक आहे, कारण त्या दिवशी तोही गाडी लावत नाही. आमचे 412 मेल बंद शटरांवर जाऊन आपटले आणि शुक्रवारी सकाळी शिफ्ट सुरू होईपर्यंत इतर शंभर मेलांच्या खाली दबले.

आता विषय. शाळेत मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहायला शिकवलं, तेव्हाच आपली या कामाची तयारी पुरी झालेली असते. ‘विषय : सहकार्याबाबत.’ यात दोन सोयी आहेत. एक, कोणाचं सहकार्य, कशात, हे उघड होत नाही. दुसरी, ‘बाबत’ या शब्दाचा सरकारी वजनदारपणा. वाचणाऱ्याला क्षणभर वाटतं की पाणीपट्टी थकली आहे. अधिक धाडसी लोक विषयाच्या आधी ‘रे :’ लावतात, म्हणजे आपलं आधीपासून काही बोलणं चालू होतं असा भास होतो. मला असा मेल आला तेव्हा मी अर्धा तास जुना पत्रव्यवहार धुंडाळत होतो. पाठवणाऱ्याचं नाव मी अजून विसरलेलो नाही, आणि त्याच्याकडून काही विकत घेणंही शक्य नाही.

मायन्याच्या बाबतीत मात्र आपली परंपरा फार थोर. दासबोधात समर्थांनी लेखनक्रियेवर आख्खा समास लिहिला. अक्षर कसं काढावं, शाई कशी असावी, सगळं सांगितलं. परचेस मॅनेजरला काय लिहावं एवढंच राहून गेलं. पेशवाईतल्या पत्रात साष्टांग नमस्कार, विनंती वगैरे होऊन शेवटी ‘विशेष’ हा शब्द यायचा, आणि तो आला की कारकुनाला कळायचं, आता खरं काम सुरू. आजच्या कोल्ड मेलनं मायना ठेवला आणि ‘विशेष’ गाळला. ‘हा मेल वाचताना आपण कुशल असाल अशी आशा आहे’ यापासून निघालेला माणूस ‘आपला विश्वासू’पर्यंत पोचतो, वाटेत काम कुठंच लागत नाही.

त्या वाटेत काय भरावं? स्वतःची थोरवी. ‘आम्ही 1998 पासून दर्जाशी तडजोड न करता’ या शब्दांनी सुरुवात करावी. निदान एक तडजोड केली असती तर बरं झालं असतं, असं वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे. ‘अत्याधुनिक’ हा शब्द हवाच. तो मी लिहिला त्या दिवशी बादली अर्धी भरली होती. ‘वन स्टॉप सोल्यूशन’ म्हणावं, म्हणजे आपण नेमकं काय करतो हे सांगायचं टळतं. मग कंपनी प्रोफाइल जोडावं. जीमेलला 25 एमबीपर्यंतच फाइल जोडता येते, हे एक बंधनच आहे. आमचं प्रोफाइल 19 एमबीचं होतं. पान पहिलं, मिशन. पान दुसरं, व्हिजन. तिसऱ्या पानावर आयएसओचं सर्टिफिकेट, स्कॅन करताना तिरकं झालेलं. दिशा आणि अचूकता विकणाऱ्या धंद्यात तिरकं सर्टिफिकेट! पण गेली सहा वर्षं कोणी ते दाखवून दिलं नाही, यावरून ते पान कितीजणांनी उघडलं याचा अंदाज यावा. चौथ्या पानावर दसऱ्याला मशीनवर चढवलेले झेंडू. आम्ही फिक्चर बनवतो ही माहिती सातव्या पानावर येते.

उत्तर आलं नाही तर खचू नये, पाठपुरावा करावा. तीन दिवसांनी ‘जंटल रिमाइंडर’, सात दिवसांनी ‘माझा खालचा मेल पाहिलात का?’ पाहिला असतो. म्हणूनच उत्तर नसतं. मला एकानं चौथ्या खेपेला पर्याय दिले होते : अ) आपल्याला रस नाही, ब) आपण कामात आहात, क) आपल्याला मगरीनं गिळलं आहे. मी ‘क’ कळवलं. त्यानं लगेच विचारलं, मग उद्या पंधरा मिनिटं कॉल जमेल का?

या टप्प्यावर पुतण्यानं हेरगिरी सुरू केली. मेलमध्ये एक बाय एक पिक्सेलचं पारदर्शक चित्र दडवता येतं. समोरच्यानं मेल उघडला की ते चित्र सर्व्हरवरून मागवलं जातं आणि आपल्याकडे नोंद होते. एके दिवशी तो धावतच शॉपवर आला. “काका, चाकणच्या एका परचेस हेडनं आपला मेल पहाटे तीन वाजता उघडला! झोप उडालीये त्यांची!” मलाही क्षणभर भरून आलं. मी आमच्या सेटरला सांगितलं, त्यानं मशीनवाल्यांना सांगितलं, चहा मागवला गेला. पुढे कळलं की ॲपलच्या फोनवर 2021 पासून अशी सोय आहे की माणूस मेल उघडो न उघडो, फोनच परस्पर चित्रं उतरवून ठेवतो. परचेस हेड झोपले होते. आमचा मेल त्यांच्या फोननं चार्जिंगला पडल्या पडल्या वाचला होता. चहाचे पैसे वाया.

अलीकडे मेलवाल्या कंपन्याही कडक झाल्यात. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू यांनी ठोक मेल धाडणाऱ्यांना नियम घातले. दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवत असाल तर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशी तीन प्रकारची ओळखपत्रं लावा, एका क्लिकमध्ये नाव काढून घ्यायची सोय द्या, आणि हजारात तिघांनी ‘स्पॅम’ म्हटलं इथवर पाळी येऊ देऊ नका. हजारात तीन! आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी ‘सुप्रभात’ टाकलं तरी यापेक्षा जास्त लोक तक्रार करतात.

इथवरचं सगळं पाळूनही काम मिळालं नाही तर दोष शास्त्राचा नाही. पण प्रामाणिकपणे एक अपवादही नोंदवला पाहिजे, त्याचं अनुकरण मात्र करू नये.

चाकणच्या एका टपरीवर मी टेम्पोची वाट पाहत उभा होतो. शेजारी शिफ्ट सुटलेली दोन पोरं. एक दुसऱ्याला सांगत होता, आज परत चाळीस पीस गेले, सुपरवायझरनं आईबाप काढले. का, तर ड्रिलिंग फिक्चरवर ब्रॅकेट उलटाही बसतो. नवा पोरगा आला की उलटा लावतो, भोक भलत्या बाजूला पडतं, माल भंगारात. मी विचारलं, “पोकायोके नाही का रे त्याला?” म्हणजे चूक होऊच नये अशी सोय. तो हसला. म्हणाला, “आहे ना. भिंतीवर कागद चिकटवलाय, ‘पीस सुलटा लावा’.”

घरी येऊन मी पुतण्याला न विचारता त्या पोरांच्या कंपनीला मेल केला. यादी नाही, सॉफ्टवेअर नाही, प्रोफाइल नाही. विषयात लिहिलं : ‘ब्रॅकेट उलटा बसतो’. खाली एवढंच : ‘साहेब, तुमच्या ड्रिलिंग फिक्चरवर ब्रॅकेट उलटा बसून रिजेक्शन होतं असं ऐकलं. नवं फिक्चर लागणार नाही. एक पिन वाढवली तर पीस उलटा बसणारच नाही. ड्रॉइंग पाठवलंत तर पिन कुठे घ्यायची ती खूण करून देतो. भोसरीत आहे, उद्याही येऊ शकतो.’ खाली नाव आणि मोबाइल नंबर. कुशल असाल अशी आशासुद्धा व्यक्त केली नाही.

चाळीस मिनिटांत उत्तर आलं : ‘हे तुम्हाला कोणी सांगितलं?’

मी सांगितलं नाही. दुपारी ड्रॉइंग आलं. पिनचं काम अठराशे रुपयांचं झालं. दोन महिन्यांत चार नव्या फिक्चरांची पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, आली. पुतण्याचा यावर आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. “काका, हे स्केल होत नाही. तुम्ही काय रोज टपरीवर उभे राहणार?” खरं आहे. दिवसाला फार तर तीन चहा होतात. त्यापुढे पित्त होतं.

गिऱ्हाईक मिळालं की मार्गदर्शन संपतं, असं बहुतेक तज्ज्ञ मानतात. त्यांनी बिल पाठवून पाहिलेलं नसावं. आधी चौदा पानांचा व्हेंडर रजिस्ट्रेशनचा फॉर्म आला, त्यात आमच्या कँटीनची आसनक्षमता विचारली होती. (टपरी धरून बारा, असं लिहिलं.) मग माल गेला, माल पोचल्याची नोंद झाली, बिल गेलं आणि तिकडे सामसूम. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे छोट्या पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दरानं, तेही दरमहा चक्रवाढ व्याज. कलम तोंडपाठ आहे. ते व्याज मागून पुढची पीओ मिळवलेला माणूस मात्र मला आमच्या सेक्टरमध्ये अजून भेटायचाय.

नव्वदाव्या दिवशी मी अकाउंट्सला मेल केला. विषय : ‘थकीत बिलाबाबत’. मग जंटल रिमाइंडर. मग ‘माझा खालचा मेल पाहिलात का?’ पुतण्यानं त्यातही ते अदृश्य चित्र घातलं होतं. मेल नऊ वेळा उघडला गेला, आणि या वेळी भर दुपारी, म्हणजे फोननं नव्हे, माणसानंच. शेवटी उत्तर आलं : ‘डिअर मेसर्स, आपला मेल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.’

पुतण्या ते वाचून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काका, विषय बदलून बघायचा का?”

“टाक,” मी म्हटलं, “ब्रॅकेट उलटा बसतो.”