इंजिन दुरुस्तीला, पायलट विश्रांतीला

नाशिककराला विमानाचं अप्रूप नाही. साठच्या दशकात ओझरला मिगचा कारखाना आला तेव्हापासून आमच्या डोक्यावर घरघर चालूच आहे. मिग गेलं, सुखोई आलं. आमचं अप्रूप वेगळं आहे: विमानात बसायला मिळण्याचं.

२०१४ साली ओझरला चकाचक प्रवासी टर्मिनल उभं राहिलं. टर्मिनल होतं, विमानं नव्हती. डिसेंबर २०१७ मध्ये 'उडान' योजनेतून एअर डेक्कनची छोटी विमानं आली. छोटी असल्यामुळे ती दिसायची नाहीत, आणि बऱ्याचदा खरोखरच नसायची. जून २०१८ मध्ये जेट एअरवेजने दिल्ली जोडून दिली आणि पुढच्या एप्रिलमध्ये अख्खी जेटच बसली. मार्च २०२३ मध्ये इंडिगो आली आणि 'आता नाशिक उडालं' असं सगळ्यांनी जाहीर केलं. आमच्याकडे जाहीर करण्याला इंधन लागत नाही.

तसं ते वर्षच जाहीर करण्याचं होतं. फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० विमानांची ऑर्डर दिली. जूनमध्ये इंडिगोने एका दमात ५०० मागवली. छाती अभिमानाने फुगली, वर्तमानपत्रांचे मथळे त्याहून जास्त. या दोन ऑर्डरींच्या मधल्या मे महिन्यात वाडियांची गो फर्स्ट दिवाळखोरीचा अर्ज घेऊन न्यायाधिकरणाच्या दारात उभी होती, तिकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती. कंपनीचं म्हणणं असं की विमानं आहेत, प्रवासी आहेत, पण निम्म्या विमानांना इंजिनंच नाहीत. इंजिनं बनवणाऱ्या प्रॅट अँड व्हिटनीचं म्हणणं वेगळं होतं. पण ज्याने तिकीट काढलं होतं त्याचं म्हणणं ऐकायला दोघेही मोकळे नव्हते.

ही इंजिनं म्हणजे काटकसरीचा नमुना. इंधन कमी पितात, आवाज कमी करतात. फक्त मधूनच कामावर येत नाहीत. मार्च २०१८ मध्ये विमान वाहतुकीची नियामक असलेल्या डीजीसीएने इंडिगो आणि गोएअरची (म्हणजे पुढची गो फर्स्ट) मिळून ११ विमानं याच इंजिनांपायी खाली बसवली. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडिगोला ९७ विमानांची इंजिनं बदलायला सांगितली, ३१ जानेवारीच्या आत. मग मुदत वाढवून दिली. (मुदतवाढ हा आपल्याकडचा सर्वात भरवशाचा सुटा भाग. कधी तुटवडा नाही.) आणि जुलै २०२३ मध्ये, म्हणजे ५०० विमानांच्या ऑर्डरीला महिना होतो न होतो तोच, कळलं की टर्बाइनच्या चकत्या ज्या धातूच्या भुकटीतून घडवतात तिच्यातच भेसळ आहे. चकतीला वेळेआधी तडा जाऊ शकतो. म्हणजे इंजिन पंखावरून उतरवा, उघडा, तपासा. जगभरातली शेकडो इंजिनं एकदम रांगेत लागली. २०२४ च्या सुरुवातीला इंडिगोची सत्तरच्या आसपास विमानं नुसती उभी होती. आपण मात्र विमानं मोजत होतो. इंजिनं मोजायची असतात हे कुणी सांगितलंच नाही.

पुढे डिसेंबर २०२५ मध्ये वेगळीच गंमत झाली. या वेळी विमानं होती, इंजिनंही होती, पायलट नव्हते. वैमानिकांना आठवड्याला ३६ ऐवजी ४८ तास विश्रांती आणि रात्रीची लँडिंग्ज सहावरून दोनवर, हा नियम जानेवारी २०२४ मध्येच छापून तयार होता. सरतेशेवटी १ नोव्हेंबर २०२५ ला तो पूर्ण लागू झाला. जवळपास दोन वर्षं हातात होती. दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला विचारा, ऑक्टोबर छाटणीची मजुरांची टोळी तो कधी सांगून ठेवतो. नुसत्या वेली लावून टोळीची वाट बघत बांधावर बसणाऱ्याला गाव वेडा म्हणेल. विमान कंपनीत त्यालाच कार्यक्षम मनुष्यबळ व्यवस्थापन म्हणतात. ५ डिसेंबरला एका दिवसात इंडिगोची हजारावर उड्डाणं रद्द झाली. मग सरकारने कडक पाऊल उचललं: इंडिगोला १० फेब्रुवारीपर्यंत नियमातून सूट दिली. वैमानिक दमले म्हणून नियम आला, कंपनी दमली म्हणून नियम थांबला.

आता कुणी म्हणेल, मग पोरांना पायलट करा. कॉलेज रोडवरच्या आईबापांना हा सल्ला द्यायची गरजच नाही. बारावीला फिजिक्स-मॅथ्स, २०० तास उड्डाण, पन्नास लाखांच्या पुढचा खर्च, त्यासाठी गोंदिया, बारामती नाहीतर थेट परदेश. अमरावतीला एअर इंडिया ३४ विमानांची शाळा उभारते आहे. पोरगं परवाना घेऊन घरी येतं आणि घरीच राहतं. कारण टंचाई आहे ती कॅप्टनची. कॅप्टनच्या परवान्याला १५०० तास लागतात. ते तास विमानात बसल्याशिवाय भरत नाहीत, आणि विमानात बसवणारा विचारतो, अनुभव किती? असा घासूनपुसून तयार झालेला कॅप्टन कंपनी सोडतो म्हणाला तर २०१७ च्या नियमाप्रमाणे त्याने बारा महिन्यांची नोटीस द्यायची. प्रवाशाला उड्डाण रद्द झाल्याचं मात्र दारात गेल्यावर कळलं तरी चालतं.

ओझरकरांनी हसू नये. लढाऊ तेजसच्या नव्या अवताराच्या ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ चा. त्यांना लागणारी ९९ इंजिनं त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या जीईकडे मागवली. पहिलं आलं मार्च २०२५ मध्ये. नाशिकमध्ये बांधलेलं पहिलं तेजस १७ ऑक्टोबर २०२५ ला संरक्षणमंत्र्यांच्या साक्षीने उडालं. टाळ्या आम्हीही वाजवल्या, मनापासून. सांगाडा आपला, घाम आपला. हृदय तेवढं बोटीने मागवायचं. हे तेजस बांधणाऱ्या एचएएलनेच (हिंदुस्थान एरोनॉटिक्स) एअरबसशी २०२३ मध्ये करार केला आहे, ए३२० जातीची विमानं नाशिकमध्ये दुरुस्त करण्याचा. ही बातमी मात्र खरंच चांगली आहे. निदान बंद पडलेली विमानं तरी आमच्याकडे नियमित येतील.

आता सिंहस्थ येतोय. २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान आहे. ओझरला दुसरी धावपट्टी होणार, हेही जाहीर झालं आहे. बैठकांमध्ये धावपट्टी, पार्किंग, व्हीआयपी कक्ष, सगळ्याची लांबी-रुंदी विचारून होईलच. तेव्हा ज्याला कुणाला सवड मिळेल त्याने विमान कंपन्यांना आणखी दोन प्रश्न विचारावेत: त्या आठवड्यात राखीव इंजिनं किती आणि मोकळे कॅप्टन किती? उत्तर लेखी घ्यावं.