औद्योगिक वापरासाठी क्रिकेट

आमच्या सोसायटीत बी विंगच्या खाली हिरवळीचा एक तुकडा आहे. बिल्डरच्या रंगीत पुस्तिकेत त्याचं नाव ‘किड्स प्ले झोन’ होतं. महापालिकेच्या मंजूर नकाशात तो ‘रिक्रिएशनल ओपन स्पेस’ आहे. मेंटेनन्सच्या बिलात तोच ‘गार्डन खर्च’ होतो. आणि प्रत्यक्ष जाऊन पाहिलं तर तिथे पाटी आहे : ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे. – हुकमावरून.’ हुकूम कोणाचा, ते पाटीलाही ठाऊक नाही.

पिंपळे सौदागरात अशी पाटी नसलेली सोसायटी कोणाला सापडली तर कळवावं. मी फ्लॅट बदलायला तयार आहे.

गेल्या महिन्यात सात-आठ पोरांनी तरीही खेळायचं धाडस केलं. टेनिसचा बॉल, त्याला लाल इलेक्ट्रिक टेप. हिरवळीवर नाही हं, पोरं कायदा पाळणारी आहेत. ती रॅम्पच्या पायथ्याशी, पाण्याच्या टाकीजवळच्या काँक्रीटवर खेळत होती. एकाने मारलेला फटका नव्याकोऱ्या एसयूव्हीच्या दारावर बसला. गाडीला ओरखडासुद्धा नाही, पण तिने जो टाहो फोडला तो कोकणे चौकापर्यंत गेला असावा. संध्याकाळी कमिटीची तातडीची बैठक.

सचिवसाहेब म्हणाले, “आमचा खेळाला विरोध नाही. नीरज चोप्राच्या वेळी याच हॉलमध्ये आपण पेढे वाटलेत.”

“मग पोरांनी खेळायचं कुठे?” मी विचारलं.

“टर्फ आहेत की जागोजागी!”

नियम तसा आपल्या बाजूने आहे. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. जागा मोकळी सोडावी, एवढंच नियम सांगतो. पोरांना मोकळं सोडण्याबद्दल त्यात अवाक्षर नाही. 

राहिला टर्फ. टर्फ म्हणजे जिच्यावर टॉवर उभा राहायचा हे ठरलंय, पण अजून मनासारखा भाव यायचाय, अशी जमीन. तोवर तिच्यावर हिरवं प्लास्टिक अंथरायचं, चारी बाजूंनी जाळी लावायची, वर दिवे, आणि तासावर भाडं. याच जमिनीतून पीक निघत होतं तेव्हा सुगी संपली की पोरं फुकट खेळायची. आता भाडं दहा जणांत वाटून घेतात, म्हणून अकरावा आला की सगळ्यांना त्याच्याबद्दल एकदम माया दाटून येते. आमची मुलं रॅम्पवर खेळतात तिथला नियम तर असा की बॉल कंपाउंडबाहेर गेला की फलंदाज आउट. ज्या देशात सिक्सर मारणाऱ्यावर कोटींची बोली लागते, त्याच देशात आमच्या बी विंगचा सलामीवीर सिक्सर मारून मान खाली घालून परततो.

खेळाचं हे असं का होतं, याचा मी बरेच दिवस विचार करतोय. माझं मत असं झालंय की सरकारच्या कोणत्याही कागदावर खेळ हा खेळ म्हणून नसतोच. तो कुठे चटईक्षेत्र असतो, कुठे कराचा टप्पा, कुठे आरक्षणाची टक्केवारी. आणि गहुंज्यात तर तो पाणीपट्टीचा दर होता.

ही गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तिच्यातली पवना नदी आमच्या उशाशी वाहते.

गहुंज्याचं स्टेडियम 2012 साली सुरू झालं. त्याला एका उद्योगपतीचं नाव दिलं गेलं, पुढच्याच वर्षी पैशांच्या वादात ते उतरवलंही गेलं. तिथपर्यंत ठीक, दुकानाच्या पाट्या बदलतातच. मग 2016 चा दुष्काळ आला. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं जात होतं आणि इकडे आयपीएलच्या खेळपट्ट्या भिजत होत्या. उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले. नावात पुणे असलेला संघ घरचे सामने खेळायला विशाखापट्टणमला गेला.

पण खरी गंमत 2018 ची. कावेरीच्या पाण्यावरून चेन्नईत आंदोलन पेटलं, म्हणून चेन्नई सुपर किंग्जचे घरचे सामने गहुंज्याला आले. त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्टेडियमला पवनेचं पाणी द्यायला मनाई केली. म्हणजे धोनीचा संघ कावेरीच्या पाण्यामुळे निघाला तो थेट पवनेच्या पाण्यात येऊन अडकला. आणि त्या सुनावणीत करार बाहेर आला. स्टेडियमला नदीचं पाणी कशासाठी दिलं होतं? तर ‘औद्योगिक वापरासाठी’.

मला हे वाचून अतिशय बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांत एका तरी सरकारी कागदाने क्रिकेटबद्दल खरं लिहिलं. इकडे भोसरीत गिअर बनतात, चाकणला गाड्या बनतात, गहुंज्यात चौकार बनतात. तिन्हीकडे पाळ्या आहेत, तिन्हीकडे कच्च्या मालाची बोली लागते. फरक एवढाच की चाकणच्या मालाला रिकॉल असतो.

सामने पुढे झाले, शिट्ट्याही वाजल्या. पाणी कुठून आणलं ते संयोजक जाणोत. पुढच्याच वर्षी, 2019 च्या 25 नोव्हेंबरपासून, आमच्या पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी सुरू झालं. ‘तात्पुरतं’ हा शब्द तेव्हा वापरला होता, अंधुक आठवतो. तेव्हापासून बिनपाण्याच्या दिवशी आमच्याकडे टँकर येतो.

आता कराकडे वळू. 22 सप्टेंबर 2025 पासून आयपीएलच्या तिकिटावर 40 टक्के जीएसटी आहे. कॅसिनो, घोड्यांच्या शर्यती आणि कोल्ड्रिंक ज्या रांगेत उभे आहेत, त्याच रांगेत आता क्रिकेटचा प्रेक्षक. त्याच दिवशी बॅट-बॉलवरचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला. सरकारचं म्हणणं स्वच्छ आहे : पोरांनो, बघत काय बसता, खेळा! बॅट स्वस्त झाली म्हणून मी धाकट्याला नवी घेऊन दिली. ती बॅट सध्या दाराला अडसर म्हणून चांगली उपयोगी पडते.

आणि मोबाइलवरचा खेळ? त्यात तर आमच्या शहराने इतिहास घडवला. 1 ऑक्टोबर 2023 पासून ऑनलाइन गेमिंगवर 28 टक्के जीएसटी लागू झाला. त्याच महिन्यात पिंपरी-चिंचवड पोलिस दलातल्या एका फौजदाराने ड्रीम11 वर दीड कोटी जिंकले आणि आठवड्याभरात ते निलंबित झाले. वर्दीत मुलाखत दिली वगैरे कारणं होती, ती रास्तच असतील. पण हिशेब बघा. त्या काळात हीच कंपनी भारतीय संघाच्या छातीवर झळकत होती. खेळायला लावलेल्या पैशांवर सरकारचा जीएसटी, जिंकलेल्या रकमेवर सरकारचा 30 टक्के प्राप्तिकर. निलंबित कोण, तर जिंकणारा. 2025 च्या ऑगस्टमध्ये पैशांचा हा सगळाच खेळ कायद्याने बंद झाला आणि कंपनीचं नाव जर्सीवरून उतरलं.

या बाबतीत बैल नशीबवान. 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली, 2017 ला विधिमंडळाने कायदा बदलला, 2021 च्या डिसेंबरात शर्यती सुटल्या आणि 2023 ला घटनापीठाने त्यावर शिक्का मारला. नऊ वर्षांत न्यायपालिका, विधिमंडळ, सगळे पक्ष एका खेळासाठी धावले. कबड्डीच्या वाट्याला असं भाग्य कधी आलं? बंदी उठल्यावर 2022 च्या मे महिन्यात आमच्या चिखलीत जी जंगी शर्यत झाली, तिचं पहिलं बक्षीस होतं जेसीबी. बैलाला घाट चढून सेकंदांचा हिशेब द्यायचा आणि जिंकून आणायचं ते असं यंत्र, जे उद्या तोच घाट सपाट करून प्लॉटिंगला देईल! भिर्रर्र म्हणायला नंतर प्लॉटचा एजंट आहेच.

कबड्डीवरून आठवलं. सोसायटीची ती पाटी राबवण्याचं काम आमच्या वॉचमनदादांकडे आहे. मराठवाड्यातले, वय पस्तिशीचं. बॉल रॅम्पवरून घरंगळत गेटकडे आला की ते बसल्या खुर्चीवरून, एक गुडघा टेकून, असा काही झेपावतात की पोरं शिट्ट्या मारतात. एकदा चहा पिताना मी विचारलं, तर म्हणाले, “डावा कोपरा होतो सर. जिल्ह्याकडून खेळलोय.” मग खुर्चीमागच्या पिशवीतून प्लास्टिकचं फोल्डर काढलं. सात प्रमाणपत्रं. एकावर पाणी पडून शाई पसरलेली, पण शिक्का स्पष्ट. रात्रपाळीला येताना हे फोल्डर बरोबर का आणता, असं विचारायचं माझ्या जिभेवर होतं. गिळलं.

सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. दादांनी दोनदा अर्ज केला. पण त्याच सुमाराला राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांचं पेव फुटलं. ट्रॅम्पोलिनवर आयुष्यात उडी न मारलेले लोक ट्रॅम्पोलिनच्या प्रमाणपत्रावर थेट नोकरीत उडी मारून बसले. मग पडताळणी कडक झाली. ती झालीच पाहिजे होती. मात्र पडताळणीत ज्यांचे पाय खरोखर मातीत होते त्यांची वर्षं गेली. दादांचं वय उलटलं. चाकणला एका कंपनीत कंत्राटी लागले, नाव कशाला घ्या. सात महिने काम, मग ‘ब्रेक’. पुन्हा सात महिने, पुन्हा ब्रेक. “कबड्डीत आउट झालो तरी समोरचा भिडू आउट झाला की परत आत घ्यायचे सर,” ते म्हणाले, “इथे आउट कधी झालो तेच कळायचं नाही.” 2014 ला प्रो कबड्डी आली, खेळ मातीवरून मॅटवर गेला, टीव्हीवर दिसू लागला. दादा गेटवरच्या केबिनमध्ये मोबाइलवर पुणेरी पलटण बघतात आणि डाव्या कोपऱ्यातल्या पोराला शिव्या देतात. त्या पोराला मिळणाऱ्या पैशांवर त्यांचा राग नाही. त्याने घोटा लवकर सोडला, यावर आहे.

बालेवाडी आमच्यापासून जवळच. 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी बांधलेलं संकुल. 2021 साली तिथे एका बैठकीला आलेल्या मान्यवरांच्या गाड्या थेट धावपट्टीवर उभ्या राहिल्या होत्या, क्रीडा आयुक्तांना नंतर दिलगिरी व्यक्त करावी लागली. मला त्यात फारसं वावगं वाटलं नाही. ज्या शहरात पोरं पार्किंगमध्ये खेळतात, तिथे गाड्यांनी मैदानावर जायचं नाही तर कुठे? 2024 ला स्वप्नील कुसाळेने पॅरिसहून ब्राँझ आणलं, तेव्हा त्याच्या वडिलांनी 5 कोटींबरोबर बालेवाडीच्या संकुलाजवळ फ्लॅटही मागितला. त्यावरून लोकांनी नाकं मुरडली. मुरडणारे बहुतेक भाड्याने राहात नसावेत. या भागात मैदानाजवळ घर परवडायला ऑलिम्पिक पदक लागतं, हे त्या माणसाने आधी ओळखलं.

बैठकीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. दोन तास चर्चा झाली. हिरवळीवर बंदी कायम. मात्र कमिटी खेळाच्या विरोधात नसल्याने एक ठराव झाला : दर रविवारी सकाळी 7 ते 9 या वेळेत, कडक नव्हे तर रबरी बॉलने, फक्त रॅम्पच्या पायथ्याशी टाकीजवळच्या जागेत खेळायला हरकत नाही. सिक्सर आउट. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

या रविवारी आमच्याकडे पाण्याचा दिवस नाही. टँकर साडेसातला येणार असून तो टाकीजवळच उभा राहील, त्यामुळे ती जागा मोकळी ठेवावी, असं सचिवांनी ग्रुपवर टाकलं आहे.