पुतळे नकोत, पाहुणे चालतील

चंदीगडच्या नागरिकांसाठी, शहराचा आराखडा करणाऱ्या ल कॉर्ब्युझिए साहेबांनी एक फर्मान लिहून ठेवलं आहे. शहरात किंवा बागेत कुणाही व्यक्तीचा पुतळा उभारायचा नाही, असं त्यातलं एक कलम. कुणाची आठवण ठेवायचीच असेल तर योग्य जागी काशाची पाटी लावावी आणि गप्प बसावं. हे वाचून आपल्याकडच्या कुठल्याही नगरसेवकाला घेरी येईल. पुतळा नाही म्हणजे चौथरा नाही, चौथरा नाही म्हणजे सुशोभीकरण नाही, आणि सुशोभीकरण नाही म्हणजे टेंडर नाही. मग माणसानं निवडून यायचं तरी कशाला?

पण हौसेला मोल नसतं तसा अटकावही नसतो. उभा पुतळा चालत नाही ना? मग बसता चालेल. पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर, गळ्यात फुलकारी, हातात गुलदस्ता, चेहऱ्यावर काशाची स्थितप्रज्ञता. याला मुख्य पाहुणे म्हणतात.

हिवाळा आला की या शहरात कलेला भरती येते. ‘थिएटर फॉर थिएटर’ ही मंडळी तर महिनाभराचा राष्ट्रीय नाट्योत्सव भरवतात. रोज संध्याकाळी नाटक, तेही त्या थंडीत, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. तिकडे सेक्टर १० आणि सेक्टर १६ मधल्या कलादालनांत तरुण चित्रकारांची चित्रं भिंतीवर चढतात. शहराला हे नवं नाही. बलवंत गार्गींनी पंजाब विद्यापीठात नाट्यविभाग उभा केला, नीलम मानसिंग चौधरींनी नक्काल या लोककलावंतांना घेऊन आधुनिक नाटक केलं. कलावंत आहेत, प्रेक्षक आहेत. अडचण एवढीच, की दोघांच्या मध्ये दीपप्रज्वलन आहे.

त्यातून हे शहर पंजाबची राजधानी, हरियाणाचीही राजधानी, आणि स्वतः केंद्रशासित. म्हणजे एका गावात तीन सरकारं. आपल्याकडे एका मंत्र्याची वाट बघत नाटक खोळंबतं; तिथे खोळंब्याला पर्याय तीन. एक आला की दुसऱ्याचा मान राखायचा आणि तिसऱ्याला कळू द्यायचं नाही. व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे शिकायला मुद्दाम जावं.

समजा, तेंडुलकरांचं ‘खामोश! अदालत जारी है’ लागलंय. हिंदी पट्ट्यात हौशी मंडळींना ते करायला नेहमीच आवडतं. तर ज्या नाटकाच्या नावातच ‘खामोश’ आहे, त्याच्या आधी पाऊण तास भाषणं होतात. युवा पिढी, संस्कृती, मोबाईलचे दुष्परिणाम. मग पाहुणे मोबाईल वाजला म्हणून उठतात. त्यांच्यामागून छायाचित्रकार, सुरक्षारक्षक, आणि ज्यांना त्यांच्याकडे काम होतं ते सगळे. तिसरी घंटा होते तेव्हा सभागृहात उरतात ते खरे रसिक आणि ज्यांची गाडी मागे अडकली आहे ते.

हे सगळं जिथे घडतं त्या टागोर थिएटरची वास्तू आदित्य प्रकाश यांची. ते स्वतः चित्रकार आणि नाटकवेडे, त्यामुळे १९६१ साली बांधताना त्यांनी नटाचा विचार केला. २००८ मध्ये नूतनीकरण झालं आणि आतलं बरंचसं गेलं. (पुणेकरांनी हसू नये. तुमचं बालगंधर्व अजून उभं आहे ते केवळ फाइल सापडत नाही म्हणून.)

चित्रप्रदर्शनात भाषण लहान असतं, कारण सगळे उभे असतात. पाहुणे फीत कापतात, ‘शीर्षकहीन ४’ समोर थांबतात आणि विचारतात, ‘हे करायला किती वेळ लागला?’ कलावंत म्हणतो, तीन महिने. पाहुणे हळहळतात. ‘शीर्षकहीन ५’ पाशी चहा आलेला असतो. चित्र विकलं गेलं का, हा प्रश्न फक्त कलावंताची आई विचारते.

खरं तर तिनं भिंतीकडे न बघता खुर्चीकडे बघावं. पिएर जानरेनं इथल्या कचेऱ्यांसाठी केलेल्या सागवानी खुर्च्या मोडक्या म्हणून भंगारात लिलावाला निघाल्या, आणि परदेशातल्या लिलावांत त्यांना लाखांचे भाव आले. २०११ साली गृहमंत्रालयाला त्यांच्या विक्रीवर बंदीचा आदेश काढावा लागला. म्हणजे चंदीगडात कला कशी ओळखावी याचा निकष स्पष्ट आहे: कारकून तिच्यावर निदान चाळीस वर्षं बसलेला पाहिजे.

आणि नेकचंद? रस्ते खात्यातला हा माणूस सरकारी जंगलात, कुणालाही न विचारता, फुटक्या बांगड्या आणि संडासाच्या भांड्यांच्या तुकड्यांतून वर्षानुवर्षं मूर्ती घडवत बसला. सापडला तेव्हा ते पाडायचं की ठेवायचं यावर खल झाला. १९७६ मध्ये ते रॉक गार्डन म्हणून लोकांना खुलं झालं, आणि आज शहर पाहुण्यांना आधी तिथेच नेतं. पुतळाबंदीच्या शहरात सगळ्यात जास्त पुतळे त्यानं उभे केले, तेही एकाही फितीशिवाय. आज त्यानं युवा कलावंत म्हणून अर्ज केला असता तर त्याच्याकडे जागेचा उतारा मागितला गेला असता.

म्हणून प्रशासनाला एक नम्र सूचना. एक महिना फक्त पाहुण्यांचा करावा. रोज एक पाहुणा, टागोर थिएटरच्या रंगमंचावर, पूर्ण प्रकाशात, दोन अंकी भाषण. कलावंतांनी पहिल्या रांगेत सोफ्यावर बसावं, गुलदस्ता घ्यावा, मध्यंतराआधी मोबाईल कानाला लावून उठावं. प्रवेश विनामूल्य ठेवावा. टाळ्यांची व्यवस्था मात्र सांस्कृतिक खात्याला बाहेरून करावी लागेल, कारण त्या खात्याची सगळी माणसं रंगमंचावर असतील.